बारा ओळींचा वाटा

भिकू हिलमला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने माझ्या नाकासमोर एक काडेपेटी उघडून धरली होती. आत सात-आठ गुबगुबीत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी किंचाळले नाही, एवढीच काय ती त्या दिवसाची माझी कमाई. मी पेणची, म्हणजे गणपती आणि पापडाच्या गावची. वडील धरमतरकडच्या मिठागरात राबलेले. बी.एस्सी. झाले तरी किड्यांशी माझा संबंध स्वयंपाकघरातल्या झुरळापलीकडे गेला नव्हता. आणि नोकरी मिळाली ती नेमकी किडे पाळण्याची.

साल १९९६. रोह्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी काळुरामशेठची बाग होती. हा गृहस्थ तरुणपणी चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यावर मुकादम म्हणून गेला, बावीस वर्षं तिथे काढून परत आला आणि येताना कॉफीचं वेड घेऊन आला. कोकणात कॉफी म्हटल्यावर लोक पोट धरून हसले. शेठने कोणाचं ऐकलं नाही. सुपारीच्या सावलीला तीनशे झाडं लावली, पंचवीस-पंचवीसच्या बारा ओळी, आणि पोटच्या पोरासारखी वाढवली. झाडं छातीएवढी झाली, पहिली लाल फळं धरली, आणि मग त्यांना हुमणी लागली.

हुमणी म्हणजे मातीत राहणारी जाड अळी. ती मुळं खाते. वर पानं पिवळी पडतात, आपण पाणी घालत बसतो, आणि एक दिवस झाड धरून हलवावं तर ते सरळ उपटून हातात येतं. त्यावर उपाय म्हणून आमच्या साहेबांनी सूत्रकृमी आणले होते. साहेब पुण्याच्या एका खासगी संस्थेतले. हे कृमी सुतापेक्षा बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत. ओल्या मातीत सोडले की हुमणीला शोधून तिच्या अंगात शिरतात, दोन दिवसांत तिला मारतात, आणि मेलेली अळी विटकरी लाल होते. त्या लाल अळीतून पुन्हा हजारोंनी कृमी बाहेर पडतात. माणसाला, गुरांना, पाण्याला त्यांचा काही त्रास नाही.

फक्त कृमी वाढवायचे तर त्यांना खायला अळ्या हव्यात, आणि त्यासाठी सगळ्यात चांगली ती मधाच्या जुन्या पोळ्यातली मेणअळी. साहेब म्हणाले, पुण्याहून पाठवतो. पहिलं पार्सल एस.टी.च्या टपावर उन्हात शिजून आलं. तेव्हा शेठ म्हणाला, आपल्या भिकूला सांगू. भिकू कातकरी, जन्मभर मध काढणारा. कोणतं पोळं माश्यांनी कधी सोडलं, कोणत्या ढोलीत कीड लागली, हे सगळं त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तो काडेपेटी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

पन्नाशीकडे झुकलेला माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. पण सगळे त्याला "अरे भिकू" म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. कातकऱ्याला अहो-जाहो करायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि रीत मोडण्याइतकी मी शहाणी नव्हते. तो मला "बाय" म्हणायचा.

काम त्याने आठ दिवसांत उचललं. बागेच्या जुन्या कोठीत आम्ही मडकी मांडली होती, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळून, म्हणजे आत गारवा राहावा. मडक्यात बशी, बशीत पाणी, पाण्यात उपडी वाटी, वाटीवर ओला कागद आणि त्यावर मेलेल्या लाल अळ्या. आठवड्याभराने कृमी अळीतून निघून पाण्यात उतरायचे आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं व्हायचं. मी ते भिंगाखाली बघायचे. भिकू नुसती बशी उजेडात तिरकी धरायचा आणि सांगायचा की आज तयार आहेत, किंवा अजून दोन दिवस लागतील. त्याचं एकदाही चुकलं नाही. माझं तीनदा चुकलं, आणि दोनदा मी त्याचं खापर भिंगावर फोडलं.

असा जीव ओतून तो का काम करतो, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. सांगितलं त्याच्या बायकोने, कमळीने. ती बागेत पाला गोळा करायला यायची.

आदल्या वर्षी शेठने हुमणीसाठी दाणेदार औषध टाकलं होतं. झाडाच्या बुंध्याशी मूठ-मूठ, सगळेच टाकतात तसं. मग जोराचा पाऊस झाला आणि ते सगळं पाटाने खालच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात गेलं. पावसाच्या सुरुवातीला वहाळात मुठे निघतात, काळपट खेकडे. कातकरवाडीतल्या पोरी ते पकडायला जातात. मुठा पकडणं सोपं नसतं. दगडाखाली शिरतो, नांगीने बोट धरतो. त्या दिवशी त्यांची नऊ वर्षांची मालू परकराचा ओचा भरून मुठे घेऊन घरी आली. मायलेकींनी निखाऱ्यावर भाजले. मालूची हौस म्हणून पहिला घास तिचा, आणि पुष्कळसा तिचाच. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला. रोह्याला नेईपर्यंत ती राहिली नाही. कमळीही चार दिवस पडून होती, पण वाचली.

कमळी हे सांगताना रडली नाही, पाला भरत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मुठे पळत नव्हते, बाय. हातानं उचलावं तसे पडलेले. आमाला वाटलं, देव पावला."

मी त्या दिवशी जेवले नाही. यात माझं मोठेपण काही नाही, डबा उघडवेना, इतकंच.

शेठ दुष्ट नव्हता. त्याने मालूच्या माघारीचा सगळा खर्च केला, भिकूला बागेत कायमचं काम दिलं, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून आमच्या साहेबांना शोधत पुण्याला गेला. पण झाडं मरत होती आणि त्याचा धीर सुटत होता. जुलैत आम्ही कृमी सोडायला निघालो तेव्हा त्याने माझ्यादेखत भिकूला सांगितलं, "एक पावसाळा देतो तुमच्या किड्यांना. नाय जमलं तर पुढच्या मिरगाला दाणेदार टाकणार. माझी पण तीनशे पोरं हायत तिथं." बोलून गेल्यावर आपण कोणासमोर काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो खाली बघत निघून गेला. भिकू झारीला बोटाने टिचक्या मारत उभा होता.

साहेबांचा प्रयोग साधा होता. आधी प्रत्येक ओळीतल्या काही झाडांच्या मुळाशी खणून हुमणी मोजायची. झाडामागे पाच-पाच, सहा-सहा निघाल्या. मग सम आकड्याच्या सहा ओळींना कृमी द्यायचे, विषम आकड्याच्या सहा ओळी तशाच ठेवायच्या. पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा मोजायचं. दिलेल्या ओळींत हुमणी कमी आणि न दिलेल्या ओळींत तेवढीच राहिली, तर कृमींनी काम केलं असं सिद्ध.

भिकूने हे सगळं मान तिरकी करून ऐकलं. साहेब गेल्यावर त्याने मला विचारलं, "त्या सा ओळींनी काय केलं, बाय?"

मी म्हटलं, काही केलं नाही, त्यांना द्यायचं नाही एवढंच. तो म्हणाला, ती झाडं मरतील की. मी म्हटलं, मरू देत, प्रयोगात तसंच असतं. मला बस गाठायची होती. शनिवार होता, आणि शनिवारी दुपारी मी पेणला घरी जायचे ती सोमवारी सकाळी उगवायचे. साहेबांचा हुकूम होता की रविवारीसुद्धा ओळींवर लक्ष हवं. पण साहेब पुण्याला आणि मी पेणला, मग हुकूम कोणाला? पाच मिनिटं बसून त्याला नीट समजावलं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती. ती पाच मिनिटं मी एस.टी.च्या खिडकीत काढली.

पाऊस भरपूर झाला. दर दहा दिवसांनी, ऊन उतरलं की भिकू झारी भरायचा, मी मोजून कृमी घालायचे, आणि तो एकेका झाडाशी वाकून पाणी सोडायचा. झारी रिकामी झाली की तळहाताने शेवटचे थेंब निपटायचा. मी हसायचे. आत दिसत नसले तरी जीव आहेत, म्हणायचा, वाया कशाला. सप्टेंबरात झाडांना नवी पानं फुटली. भिकू रोज सकाळी बारा ओळी चालून यायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं असायचं. कमळीला मी त्या महिन्यात पहिल्यांदा हसताना पाहिलं. नव्या पानांचा रंग मालूच्या परकराचा होता, असं ती म्हणाली.

ऑक्टोबरात साहेब आले आणि आम्ही खणायला घेतलं. दुसरी ओळ, झाडामागे एखादी हुमणी. चौथी, सहावी, तसंच. साहेब खूश. मग आम्ही न दिलेल्या ओळी खणल्या. पहिली ओळ, झाडामागे एखादी. तिसरी, तसंच. पाचवी, सातवी, तसंच. साहेबांचा चेहरा उतरत गेला. नवव्या ओळीत मी एकटी खणत होते. मातीच्या ढेकळात मला एक मेलेली हुमणी सापडली. विटकरी लाल.

ती मी तळहातावर घेतली. या ओळीत कृमी दिलेच नव्हते, तर ही लाल कशी? पुढच्या झाडाशी आणखी एक. मी एकदम समजले असं म्हणणं खोटं होईल, पण संशय आला, पक्का आला. माझ्या मागे कोणीतरी या ओळींना कृमी दिले आहेत, आणि कधी दिले असतील तर शनिवारी-रविवारी. म्हणजे साहेबांचा पहिला प्रश्न मला असणार: तू कुठे होतीस? डोलवीच्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मी अर्ज केला होता आणि त्याला साहेबांचं शिफारसपत्र लागणार होतं. मी दोन्ही अळ्या मातीत दाबल्या आणि वहीत लिहिलं: नववी ओळ, जिवंत एक, मेलेली नाही.

साहेबांनी अहवाल लिहिला. दोन्हीकडे हुमणी सारखीच कमी झाली, त्या अर्थी ती या वर्षीच्या अति पावसाने मेली असावी. कृमींचा उपयोग दिसून येत नाही. शेठला त्यांनी तोंडी सांगितलं, तुमची झाडं नशिबाने वाचली, दर वर्षी वाचतील असं नाही. शेठने मान डोलावली. मग भिकूला बोलावून म्हणाला की पुढच्या मिरगाला दाणेदार आणावंच लागेल, वाडीत सांगून ठेव, वहाळात कोणी उतरायचं नाही. भिकू दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी वाडीवर गेले. त्याचा कोयता कोठीत राहिला होता, तेवढंच निमित्त. झोपडीत तो दिसला नाही, पण मागच्या पडवीत मला जे दिसलं ते मी अजून विसरले नाही. फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीत पाणी, पाण्यात नारळाची उपडी करवंटी, करवंटीवर ओलं फडकं, आणि फडक्यावर लाल अळ्या. आमच्या कोठीतली सगळी मांडणी, एक बशी विकत न घेता. पाण्यात पांढरा ढग उतरला होता. आमच्यापेक्षा दाट होता, हे भिंगाशिवाय दिसत होतं.

भिकू मागून आला. मी त्याला विचारलं, न दिलेल्या ओळींना तू दिलेस का? तो व्हय म्हणाला. लपवावं असं त्यात काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. कोठीतले नाही घेतले, एवढं मात्र त्याने आवर्जून सांगितलं. दोन लाल अळ्या पहिल्यांदा आणल्या होत्या, बाकी सगळं त्याने जंगलातल्या अळ्यांवर इथेच वाढवलं. दर रविवारी झारी भरून तो विषम ओळींना देऊन यायचा.

"का पण?" मी विचारलं.

त्यांच्या वाडीत शिकार आली, मध आला, की पानं मांडून वाटे घालतात. जितकी घरं तितकी पानं. जो शिकारीला आला नाही त्याचंही पान, आजारी आहे त्याचंही. पान टाळलं तर पुढच्या वेळी डोंगर काही देत नाही. हे त्याने मला माझ्यासारखं घाईत नाही, बसून, नीट समजावून सांगितलं. मग म्हणाला, "सा जणांना वाढायचं न सा जणांना नुसतं बघत ठेवायचं, ते आमाला जमत नाय, बाय."

ज्या कामाने आमचा प्रयोग बुडाला, तेच काम हा खरा प्रयोग होता. एका कातकऱ्याने खापरीत कृमी वाढवले आणि तीनशे झाडं वाचवली. हे साहेबांना कळलं असतं तर त्यांनी ते छापून आणलं असतं. पण माझ्या वहीत मेलेली नाही असं लिहिलेलं होतं.

भिकूने एका मडक्यात सगळ्या खापऱ्यांतलं पाणी ओतलं आणि चल म्हणाला. वाडीच्या वर, करवंदीच्या जाळीपाशी दगडांचा लहानसा ढीग होता. कातकरी पुरतात. विचारायची गरज नव्हती. त्याने मडकं तिरकं करून ते पाणी दगडांच्या भोवती हळूहळू सोडलं, झाडाच्या बुंध्याशी सोडायचा तसंच, आणि शेवटचे थेंब तळहाताने निपटले.

"इथं दवा कोण टाकत नाय," तो म्हणाला. "इथं ऱ्हातील."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. "बाय, बारा ओळींतली सगळी झाडं जगली. मग किडे नापास कसे?"

मी त्याला खरं सांगितलं नाही. तू वाटा दिलास म्हणूनच नापास झाले, आणि मी लपवलं म्हणून नापासच राहिले, हे त्या दगडांसमोर माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, नापास नाहीत, भिकूदादा. दादा मी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. त्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, तो मडकं विसळायला निघाला होता.

त्याच संध्याकाळी रोह्याच्या स्टँडवरच्या एस.टी.डी. बूथमध्ये जाऊन मी साहेबांना फोन लावला. दिवाळी चार दिवसांवर होती. साहेब म्हणाले, बोल नमिता, काही विशेष? मी म्हटलं, नाही सर, दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या. ते म्हणाले, तुझं शिफारसपत्र टाइप करून ठेवलंय. मी थँक यू म्हणून फोन ठेवला. माणसाची लायकी किती, ते कळायला तेवढा एक फोन पुरतो.

जानेवारीत मला डोलवीची नोकरी लागली. पुढच्या मिरगाला शेठने दाणेदार टाकलं. भिकू आणि कमळी दिवाळीनंतर वाडीतल्या बाकीच्यांसारखे वीटभट्टीवर गेले होते, ते पावसाळ्यात परत आले नाहीत. भिवंडीकडे गेले असं कोणी म्हणालं, कोणी कर्जतकडे. मी दोन-तीन भट्ट्यांवर चौकशी केली. भिकू नावाचे पुष्कळ निघाले.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये पेणला माझ्या मामाच्या मधपेटीत मेणअळी लागली. मामी पेटी जाळायला निघाली होती. मी त्यातल्या पाच अळ्या काडेपेटीत घातल्या आणि शिफ्ट बदलून रोह्याची एस.टी. पकडली. वाडीवर आता तीनच घरं होती. करवंदीच्या जाळीपाशी दगड तसेच होते, शेवाळलेले. त्यांच्या कडेची ओंजळभर माती मी बरणीत घेतली, त्यात अळ्या टाकल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि घरी आले.

तिसऱ्या दिवशी अळ्या हलायच्या थांबल्या. पाचव्या दिवशी मी बरणी खिडकीत धरली. पाचातल्या चार अळ्या विटकरी लाल झाल्या होत्या.

जवळजवळ दोन वर्षं ते तिथे होते. त्याने सांगितलं होतं तसे. मी बरणी मांडीवर घेऊन रडले, आणि आई दारात येऊन काय झालं विचारत राहिली. सांगण्यासारखं एकच माणूस होतं आणि त्याचा पत्ता मला माहीत नव्हता.

पुढच्या रविवारी बरणी घेऊन मी परत गेले. वाटेत काळुरामशेठची बाग लागली. एक गडी बुंध्याशी मूठ-मूठ दाणेदार टाकत चालला होता, बाराही ओळींना, सारखंच. मी थांबले नाही. वर जाऊन बरणीतली माती जिथून घेतली होती तिथेच ओतली आणि बरणीला चिकटलेली हाताने निपटून काढली.